बिनपाकाचा खाऊ

२ डिसेंबर

सकाळी: बिनसाखरेचा चहा, दोन चपात्या, मेथी. दुपारी: वाटीभर भात, डाळ, कांदा. संध्याकाळी: पुन्हा तसलाच चहा, एक खारी. रात्री: भाकरी, अंड्याचा रस्सा.

चिक्की: खाल्ली नाही.

डॉक्टर अनघाबाईंचा हुकूम आहे. तोंडात जाईल ते वहीत लिहायचं आणि महिन्यानं वही दाखवायची. शुगर दोनशे नव्वद निघाली. बाईंनी विचारलं, "मकसूदभाई, धंदा कसला?" म्हटलं, "चिक्कीचा." त्या हसल्या नाहीत. लोणावळ्यात चिक्कीवाल्याला शुगर निघाली, यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?

३ डिसेंबर

काल चिक्कीचं खोटं लिहिलं. एक तुकडा खाल्ला होता, शेंगदाण्याचा, भट्टीवरून नुकता उतरलेला. आता चाखल्याशिवाय घाणा बरोबर आलाय का ते कसं कळणार? पण बाईंना हे पटायचं नाही. म्हणून त्यांना दाखवायला बाजारातून दुसरी छोटी वही आणली. ही माझ्यापाशी राहील. हिच्यात खरं लिहीन. निदान प्रयत्न करीन.

७ डिसेंबर

रुमाईसाच्या बालवाडीतून चिठ्ठी आली. रुमाईसा माझी नात, माझ्या मुलाची, अरहमची लेक, पाच वर्षांची. सविताबाईंनी लिहिलंय, दर महिन्याला घरातल्या मोठ्यांनी मुलांना घेऊन हंगामातला एक साधा, पौष्टिक खाऊ करायचा. मुलांच्या हातानं करायचा आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. डिसेंबरचा खाऊ आवळा.

सूनबाईनं, शिफानं, चिठ्ठी वाचून फ्रिजवर चिकटवली. "मला कुठून वेळ, अब्बा? पॅकिंगचे डबे तसेच पडलेत." माझी बायको अमिना म्हणाली, "माझे गुडघे बघा, मी काय खाली बसणार?" आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. आमचं पुढे दुकान, मागे घर आणि मधे भट्टी. त्या भट्टीवर चाळीस वर्षं गेली, पण घरच्या ओट्यापाशी मी पाहुणाच. वीस किलोच्या खाली काही केल्याचं मला आठवत नाही.

तरी हो म्हणालो. मला एवढंच पाहिजे, की या पोरीनं पुन्हा माझ्या हातून काहीतरी घेऊन खावं. गेल्या संक्रांतीला भट्टीवर तिचा हात भाजला. पोरं असतात, हात घालतात. उजव्या तळहातावर रुपयाएवढा डाग राहिलाय. तेव्हापासून मी काही पुढे केलं, बिस्कीट म्हणा, द्राक्ष म्हणा, की तिची मूठ मिटते. आईकडून खाते, दादीकडून खाते, शेजारीपाजारी कुणीही दिलं तर खाते. माझ्याकडून नाही. अमिना म्हणते, विसरेल. वर्ष होत आलं.

११ डिसेंबर

सोपान कुरवंड्याहून पिशवीभर आवळे घेऊन आला. सोपान माझा शाळेपासूनचा दोस्त. भातशेती करतो आणि नागफणीचा कडा चढायला आलेल्या पोरांना ताक विकतो. मी आवळे किसायला बसलो म्हटल्यावर तो अर्धा तास उठलाच नाही. "लय दिवसांनी करमणूक झाली," म्हणाला.

किसणं माझ्याकडे. मीठ, आल्याचा रस आणि चिमटीभर काळं मीठ कालवणं रुमाईसाकडे. मग ताटात पसरून उन्हात. संपलं! यात मुळी कलाच नाही. पण पोरगी दोन तास हलली नाही. आणि काय शिस्तीची झालीय! प्रत्येक गोष्टीला आधी विचारते. "दद्दा, मिठाला हात लावू?" लाव. "आता किसाला लावू?" लाव बाई. "ताटाला लावू?" हल्लीची पोरं बघा आणि ही बघा. परवा सविताबाईसुद्धा म्हणाल्या, तुमची रुमाईसा विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. माझी छाती फुगली.

शिफा पॅकिंग करता करता बोलली, "शिकली बिचारी. हावरटपणा केला की काय होतं ते कळलंय तिला."

मी मिठाची बरणी जागेवर ठेवायला उठलो.

१५ डिसेंबर

कीस वाळला. चांगला झालाय, आंबट आणि खारट, जिभेला झटका देणारा. चिमूटभर घेऊन रुमाईसापुढे धरला. मूठ मिटली. मी ताटात ठेवला तर ताटातून उचलून खाल्ला. म्हणजे खाऊवर राग नाही.

शिफा रोज संध्याकाळी पोरीच्या त्या डागाला खोबरेल चोळत बसते. डॉक्टरनी असलं काही सांगितलेलं नाही. पोर कंटाळते, हात ओढून घेते, तरी हिचं चालूच. मध्येच डोळे पुसते. काय वेड आहे कळत नाही.

९ जानेवारी

जानेवारीचा खाऊ तिळाचा लाडू. आता हा आमचा प्रांत! मी गूळ चिरायला घेतला तर शिफा दारात उभी. "अब्बा, पाक नाही."

"अगं, पाक नाही तर तीळ एकमेकांना धरणार कसे? तोंड बघून?"

"खजुरानं धरतील. चिठ्ठीत लिहिलंय. आणि तुम्हालाही पाक चालत नाही."

सुनेसमोर काय बोलणार? आलिया भोगासी. तीळ भाजून गार केले, बिया काढलेले खजूर घेतले आणि खलबत्ता रुमाईसाच्या पुढ्यात दिला. "खलबत्त्याला हात लावू?" अगं तुझ्यासाठीच आहे तो. मग तिनं जो दणका लावला की शेजारच्या सरूबाई बघायला आल्या, भिंत पाडताय का म्हणून. तिचे लाडू बोराएवढे, माझे पेरूएवढे. मला कमी करताच येत नाही.

खोटं कशाला बोलू, लाडू बरे झाले. चिक्की नव्हे, पण बरे. मी एक छोटासा मुद्दाम वळून तिच्यापुढे धरला, "घे गं, पहिला तुझा." तिनं मूठ तर मिटलीच, वर पाठीमागे नेली.

माझ्या हातात काय आहे? धुतले होते चांगले साबणानं.

१५ जानेवारी

आज वर्ष झालं. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. जास्त लिहीत नाही.

चिक्की: तीन तुकडे.

६ फेब्रुवारी

सोपानच्या शेतावर गेलो होतो, मी, अमिना आणि रुमाईसा. या महिन्याचा खाऊ हिरवा हरभरा. सोपाननं भात काढल्यावर खालच्या खाचरात हरभरा केलाय. डहाळे उपटायचे, घाटे सोलायचे, दाणे थोडेसे ठेचून त्यात लिंबू आणि मीठ. चूल नाही, धूर नाही. पोरगी बांधावर बसून घाटे सोलत होती, एकेक दाणा मोजल्यासारखा वाटीत टाकत होती. ऊन छान होतं. अमिना कधी नव्हे ती गाणं गुणगुणत होती.

सोपाननं बोरीचं झाड हलवलं आणि टोपीभर बोरं तिच्यापुढे धरली. "घे की पोरी, मूठ भरून घे. हितं काय दुकान हाय व्हय?"

तिनं एकच बोर उचललं. म्हणाली, "नको. मी हावरट आहे. जास्त घेतलं की भाजतं."

असं म्हणाली, साधं, नाव सांगावं तसं. आणि बोर खायला लागली.

सोपान माझ्याकडे वळला. "मकसूदभाऊ, एवढ्याशा लेकराला ह्ये कुनी शिकवलं?"

मी म्हटलं, घरी निघायला उशीर होतोय.

७ फेब्रुवारी

ही वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून लिहितो.

पोरीनं पाकात हात घातला नव्हता. पाक मी दिला.

आमच्या भट्टीवर एक रीत आहे, माझ्या अब्बांपासूनची. दिवसाचा पहिला घाणा उतरला की कालथ्याला लागलेल्या पाकाची बोटांनी छोटी गोळी वळायची आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातावर ठेवायची. पहिली वानगी म्हणतो आम्ही. मी खाल्ली, अरहमनं खाल्ली. अब्बा गोळी आधी आपल्या बोटांत धरून बघायचे, निवली की मग द्यायचे. मीही तसंच केलं. धरून बघितली, गार लागली. अल्लाची शपथ, गार लागली. रुमाईसानं तळहात पुढे केला होता, शहाण्यासारखा. मी ठेवली आणि ती किंचाळली. पाक झटकला तरी सुटत नाही, कातडीला चिकटतो.

आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "हात कशाला घातलास गं!"

का निघालं, मला माहीत नाही. घाबरलो होतो. शिफा धावत आली, तिनं तेवढंच ऐकलं. तिनं अरहमला तेच सांगितलं. दवाखान्यात विचारलं कसं झालं, तर कागदावर तेच गेलं. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, परवा. चार वर्षांची पोर, तिला कुठे नीट सांगता येत होतं? सुरुवातीला म्हणायची, "दद्दा, दद्दा." घरचे समजले, मला बोलावतेय. आता तर तिलाही तेच खरं वाटतं.

आणि मी इकडे तिला शिस्तीची म्हणत छाती फुगवतोय. थू माझ्यावर.

१९ फेब्रुवारी

पुन्हा अनघाबाईंकडे गेलो. शुगर दोनशे दहा. खोट्या वहीचं कौतुक झालं. मग म्हणाल्या, डोळे मिटा, मी पायाला आणि बोटांना टोचते, टोचलं की सांगा. मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला, म्हटलं, "करा की सुरू."

"झालं सगळं," बाई म्हणाल्या.

पायात थोडं कळतं. उजव्या हाताच्या तीन बोटांत जवळजवळ काहीच नाही. बाई म्हणाल्या, काही शुगरनं, काही चाळीस वर्षांच्या चटक्यांनी. बरीच वर्षं चाललं असणार. तव्यापासून जपा.

सगळ्या बाजारात बोलबाला, मकसूदचं बोट म्हणजे थर्मामीटर. इतर भट्टीवाले मला बोलवून पाक दाखवायचे. आणि बोट कधीचं मेलेलं!

बाहेर आलो आणि आधी हलकंच वाटलं. म्हटलं, चला, माझी चूक नव्हतीच, आजाराची होती. बाजारपेठेपर्यंत मी अगदी ताठ चालत आलो. आता सांगून टाकायला काय हरकत? कोण काय बोलणार आजारी माणसाला?

पण घराच्या पायरीवर आलो तेव्हा कळलं. "हात कशाला घातलास" हे काही बोट बोललं नव्हतं. ते तोंड बोललं होतं, आणि तोंडाला काही झालेलं नाही.

सांगितलं नाही.

४ मार्च

परवापासून रमजान सुरू झाला. अनघाबाईंनी मला रोजे ठेवायला मनाई केलीय. घरात सगळे उपाशी आणि मी दुपारी आतल्या खोलीत बसून भाकरी खातो, चोरासारखा. रुमाईसा येऊन बघते. "दद्दा, तुम्ही आजारी आहात म्हणून खाता ना? मग लाजता कशाला?"

माझी मूठ काही सुटत नाही, असं लिहून गेलो. तिची म्हणायचं होतं.

१३ मार्च

काल सांगितलं.

मार्चचा खाऊ भरलेले खजूर. रुमाईसानं इफ्तारीसाठी केले. खजूर उभा चिरून बी काढायची आणि आत भाजलेला शेंगदाणा, थोडं खोबरं. बिया मी काढल्या, भरले तिनं, पंचवीसच्या पंचवीस. दस्तरखानावर ताट ठेवलं. अजानला दहा मिनिटं होती. सगळे बसले. पोरगी आपण केलेल्या ताटासमोर हात मागे बांधून बसली आणि आईला विचारते, "एकाला हात लावू?"

अरहम हसला. "अगं, तूच केलेस ना? आता एवढी घाबरतेस, तेव्हा पाकात हात घालताना घाबरली नाहीस!"

रोजचीच थट्टा. पन्नास वेळा ऐकली असेल. काल नाही ऐकवली.

म्हटलं, "तिनं हात घातला नव्हता. वानगी मी दिली. माझ्या बोटाला गरम कळलं नाही. आणि वर मीच ओरडलो, हात कशाला घातलास म्हणून. वर्षभर गप्प बसलो."

शिफाच्या हातात सरबताचा जग होता. तिनं तो अगदी हळू खाली ठेवला. अजान झाली तरी कुणी हललं नाही. शेवटी अमिनानं एकेकाच्या हातात खजूर दिला, "रोजा तर सोडा." मग माझ्याकडे वळली. "वर्षभर? वर्षभर माझ्याशेजारी बसून जेवलात, नमाज पढलात, आणि हे पोटात?"

शिफा उठून आत गेली. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता तिनं.

रुमाईसा तेवढी माझ्यापाशी आली. कपाळाला आठ्या. "म्हणजे मी हात घातला नव्हता?"

"नाही."

"मग मी हावरट नाही?"

"नाही गं. तू हात पुढे केलास कारण मी म्हटलं, घे."

"मग सगळ्यांना सांगा."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सविताबाईंना. सरूआजीला. सोपानआजोबांना. सगळ्यांना."

२२ मार्च

नऊ दिवस शिफा माझ्याशी बोलली नाही. ताट वाढते, औषध पाण्याबरोबर ठेवते, बोलत नाही. अरहम दुकानात कामापुरतं बोलतो. अमिना बोलते, पण ते न बोललेलं बरं. तिचं म्हणणं, चोराच्या मनात चांदणं असतं ऐकलं होतं, तुमच्या मनात वर्षभर पौर्णिमाच होती.

आज दुपारी शिफा आली. मी आतल्या खोलीत बसलो होतो. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"अब्बा, तुम्हाला एक माहीत नाही. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी तिला मारलं. हाताला पट्टी होती तिच्या. म्हटलं, परत हावरटपणा करशील? ती म्हणत होती, दद्दा, दद्दा. मी म्हटलं, दद्दांचं नाव घेऊ नकोस, खोटं बोलू नकोस. आणि अजून एक दिली."

ते खोबरेल. रोजचं ते खोबरेल.

"तुमची चूक होती तर ती तुमच्या पदरात हवी होती," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या हातून माझ्या लेकीला मार दिलात."

मी रडलो, लिहायला लाज कसली. ती रडली नाही. म्हणाली, मी काल तिची माफी मागितली, ती म्हणाली ठीक आहे अम्मी, आणि झोपून गेली. मग दाराशी वळून म्हणाली, "बोटांना खरंच काहीच कळत नाही?"

"नाही."

"मग इस्त्रीपाशी जाऊ नका."

३१ मार्च

ईद. सगळीकडे शीरखुर्म्याचा वास. मला वाटलं, माझ्या नशिबी बघणंच. शिफानं वेगळी वाटी आणून ठेवली. साखर नाही, नुसत्या खजुराचा. "तुमचा वेगळा केलाय." एवढंच बोलली. मी दोनदा मागून घेतला. दुसऱ्यांदाही वाढला.

मग सांगितलं, "महिन्याचा खाऊ तुम्हीच करा तिच्याबरोबर. पण भट्टीकडे नाही न्यायचं. कधीच नाही."

म्हटलं, कबूल. अरहमशी बोललो, वानगीची रीत बंद. अब्बांना काय वाटलं असतं? काही का वाटेना.

९ एप्रिल

पोरीनं मला सोडलेलं नाही. "सगळ्यांना" म्हणजे तिला खरंच सगळे अभिप्रेत आहेत.

सविताबाईंना सांगितलं, बालवाडीच्या फाटकात, बाकीच्या आया ऐकत असताना. बाईंचा चेहरा गंभीर झाला, म्हणाल्या, आम्ही तिला शहाणी म्हणत होतो. म्हटलं, मीही. सरूबाईंना सांगितलं, त्यांनी तोंडाला पदर लावला. भाजीवालीला ही स्वतःच सांगते, "मावशी, मी हात घातला नव्हता, दद्दांनी दिलं होतं, त्यांचं बोट कळत नाही." आणि मग माझ्याकडे बघते. मी म्हणायचं, हो, मीच. नाही म्हटलं तर पुढे चालत नाही. काल केस कापायला गेलो तर खुर्चीत बसायच्या आधी न्हाव्याला बातमी! गळ्याभोवती कापड बांधलेल्या अवस्थेत मी कबुली दिली. दुकानात तिघेजण वाट बघत बसले होते, तेही ऐकत होते.

लाज वाटते. वाटणारच. पण काल एक बघितलं. न्हाव्याच्या दुकानातून निघताना तिनं त्याच्या फवाऱ्याच्या बाटलीला हात लावला, आरशावर पाणी उडवलं. कुणाला विचारलं नाही. न्हावी ओरडला. मी त्याला म्हटलं, उडवू दे रे, पुसून देतो मी. आणि खरंच पुसून दिला.

सोपानला सांगितलं तेव्हा तो तंबाखू मळत होता. "मला तवाच कळलं हुतं," म्हणाला. "तू बांधावरनं असा पळालास जसा इंचू चावला. म्हनलं, सांगंल त्याच्या टायमाला."

एप्रिलचा खाऊ कैरी. किसली, जिरं, पुदिना, गूळ आणि थंडगार पाणी. कैरी तिनं धुतली, गूळ तिनं फोडला, पन्हं ढवळताना अर्धं ओट्यावर. मी पेला पुढे केला. मूठ मिटली नाही. पण हातही पुढे आला नाही. मी पेला ओट्यावर ठेवला. तिनं तो तिथून घेतला.

ठीक आहे.

१४ मे

बालवाडीला सुट्टी. रुमाईसा सकाळपासून गल्ल्याजवळच्या स्टुलावर, पाय हलवत. सोपान करवंदं देऊन गेला, पळसाच्या पानांच्या द्रोणात, काळीभोर, चिकाची. म्हणाला, ह्यो म्हयन्याचा खाऊ, याला काय बी करावं लागत न्हाई, धुवायचं आन खायचं. मी धुऊन मूठभर डाव्या हातावर घेतली. उजव्या हातानं एका गिऱ्हाइकाची चिक्की वजनकाट्यावर ठेवत होतो. पुण्याच्या बाई होत्या, गाडीचं इंजिन चालू ठेवून उतरलेल्या.

"अगं बाळा, हाताला काय झालं?" त्यांनी रुमाईसाचा तळहात बघितला.

"दद्दांनी पाक दिला होता. गरम होता. त्यांचं बोट कळत नाही. मी हात घातला नव्हता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मागे दोन गिऱ्हाइकं होती, अरहम होता, डब्यांना चिकटपट्टी लावत शिफा होती.

"हो," म्हटलं. "मीच दिला होता. तिची काही चूक नव्हती."

महिन्याभरापूर्वी हे बोलताना माझे कान तापायचे. आज बोललो आणि काट्याकडे बघायला लागलो.

रुमाईसाला मात्र आता बाईंमध्ये रस आला होता. "तुम्हाला कोंबडा की कोंबडी माहीत आहे?" बाईंना माहीत नव्हतं. मग हिनं सगळं शिकवलं. करवंद अर्धं चावायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, आणि आधी ओळखायचं. "दद्दा, तुम्ही सांगा."

"कोंबडा."

तिनं माझ्या तळहातावरचं करवंद उचललं, चावलं आणि अर्धं माझ्या नाकापुढे धरलं. "कोंबडी! हरलात!"

लगेच दुसरं उचललं. "आता बाई, तुम्ही." मग तिसरं. बाईंशी बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, एकेक करून उचलत होती, तोंड जांभळं, हनुवटीवर ओघळ. शिफाच्या हातातली चिकटपट्टी थांबली होती. मी हात तसाच पुढे धरून उभा राहिलो.

"काका, माझी चिक्की बांधताय ना?" बाई म्हणाल्या.

म्हटलं, "थांबा जरा, एक हात गुंतलाय."